गावात एक बाईजा जास्त

जांभूळमाळ, ता. मुरबाड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणितला अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. शिवाय मी इथली पोस्टमास्तरीण. वर्षभर बँकेच्या नोटिसा आणि आधार कार्डं वाटून कंटाळले, निदान मामेबहिणीचं एखादं पत्र तरी माझ्या थैलीतून जाऊ दे. उत्तरही पत्रानेच पाठव.

कारण असं की, आमच्या गावात म्हणे एक बाईजाआजी आहे आणि ती इंटरनेटवर "बाईजाआजीची चूल" नावाचा ब्लॉग लिहिते. आता गावात बाईजा एकच, आपली शेजारची. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे यायचास तेव्हा तुला नाचणीची भाकरी दुधात कुस्करून भरवायची ती. तिला सहीपुरतं लिहिता येतं, तेही चष्मा सापडला तर. पोरांनी तिला ब्लॉगवरचा फोटो दाखवला. फोटोतली म्हातारी चूल फुंकतेय आणि नाकात ही एवढी नथ. बाईजा म्हणाली, "ही बया चूल फुंकतेय का लग्नाला चाललीय? नथ पेटंल ना गो तिची!"

सगळं गाव पोट धरून हसलं. मग मी तो ब्लॉग पहिल्यापासून वाचला आणि माझं हसू गेलं. भाकरी, पानगे, चटणी, आणि दर दुसऱ्या पानावर डोंगरमाया रिट्रीट. डोंगरावर शहरवाल्यांसाठी बंगल्या होणार म्हणून आजी हरखलीय. कंपनीचे साहेब तिला लेकरासारखे वाटतात. आपल्या झऱ्याच्या वरच्या अंगाला कंपनी बोअर मारणार आहे, त्यावर आजी लिहिते, "पाणी काय, सगळ्यांचंच." उन्हाळ्यात अख्खं गाव त्या एका झऱ्यावर जगतं हे तुला सांगायला नको. गावाने दोनदा विरोध लिहून दिला. परवा पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांनी मोबाईल पुढे धरला आणि म्हणाले, "अहो, तुमच्याच गावची आजी तर खूश आहे!"

आणखी एक. आजीने दिवाळीतल्या वाघबारशीचं वर्णन केलंय. वाघदेवाच्या दगडापाशी बसून खीर खाल्ली, पळसाचं पान चाटूनपुसून साफ केलं, वगैरे. अरे, आमच्या वाघदेवाला त्या दिवशी बाया जात नाहीत. खीर गुराखी पोरं शिजवतात, पोरंच खातात आणि उरली तरी घरी आणत नाहीत. म्हणजे हे लिहिणारा बाप्या आहे आणि लहानपणी तो त्या पोरांत बसलेला आहे. तू जाहिरातीच्या धंद्यातला, कॉम्प्युटरवाला. कोण आहे ते शोधून काढ.

तुझी,
भावनाताई


शहापूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. भावनाताईस सा. न.

तू पत्ता शेणवे गावातल्या घराचा घातलास, बाबांनी पत्र इथे आणून दिलं, म्हणून उशीर झाला. यापुढे शहापूरच्या फ्लॅटवर पाठव. "चि." वाचून मजा वाटली. ऑफिसात मी आता सीनियर कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट आहे.

ब्लॉग पाहिला. कोण लिहितं ते शोधणं तितकं सोपं नसतं. पण ताई, तू फार मनाला लावून घेतेस. हा हल्ली कथाकथनाचा एक प्रकार आहे. आजी खरी आहे का, असं कोणी विचारत नाही. तिच्यातली आपुलकी खरी वाटते का, एवढंच लोक बघतात. परदेशात बसलेली मराठी माणसं डोळ्यांत पाणी आणून वाचतात गं. सिद्धगडाखाली एक गाव आहे हे तरी कुणाला ठाऊक होतं? राहिली वाघबारशीची खीर. असली बारीकसारीक चूक वाचणाऱ्याला काय कळतेय?

जाता जाता एक काम. आमच्याकडे गावाकडच्या परंपरांवर एक प्रोजेक्ट चालू आहे. मामी झऱ्यावर कसलीशी पूजा करायची ना? फारसं कुणाला माहीत नसलेलं असं काही आठवलं तर लिही. तुझ्यासारखं रंगवून सांगणारं दुसरं कोणी नाही.

तुझा,
प्रणित


जांभूळमाळ
५ डिसेंबर २०२४

चि. प्रणित,

तुझं पद बाईजाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हंजे करतो काय?" मी म्हटलं, मलाही कळलं नाही.

परंपरा हवी ना तुला? घे. पौषातल्या अमावास्येला, झरा आटू नये म्हणून घरातली थोरली बाई झऱ्यावरचा बेडूक धरते. त्याला हळद-कुंकू लावते, उलट्या सुपावर बसवते आणि ते सूप झऱ्याभोवती फिरवते. बेडूक ज्या घराच्या दिशेने उडी मारील त्या घरी वर्षभर पाहुणे फार. आई दरवर्षी करायची. पण कुणाला सांगू नकोस हं, ही घरातली गोष्ट आहे.

तुझी,
भावनाताई


शहापूर
२ जानेवारी २०२५

ती. ताई,

बेडूक म्हणजे कमाल! ऑफिसात सगळे वेडे झालेत. सर म्हणाले, असलं अस्सल काही त्यांनी आजवर वाचलं नव्हतं. क्लायंट तर अमावास्येला "मंडूक महोत्सव" करायचं म्हणतोय, पाहुण्यांच्या हातात एकेक सूप देऊन. गावातल्या बायांना शिकवायला बोलावतील, तेव्हा नाही म्हणू नका. तुमचं भलंच होणार आहे यात.

एक विचारायचं राहिलं. सूप बांबूचंच लागतं का?

तुझा,
प्रणित


जांभूळमाळ
१५ जानेवारी २०२५

प्रणित,

सूप बांबूचं लागत नाही. सूप लागतच नाही. आमच्या गावात आजवर कुणी बेडकाला कुंकू लावलेलं नाही. ते मी लावलं, खास तुझ्यासाठी. मी ही थाप जगात फक्त तुला लिहिली होती, आणि ती शब्दन्‌शब्द बाईजाआजीच्या चुलीवर शिजून आली. "कुणाला सांगू नका हं, ही घरातली गोष्ट आहे" हेसुद्धा तू गाळलं नाहीस!

संशय मला वाघबारशीच्या खिरीवरूनच आला होता. बाहेरून येऊन वाघदेवाची खीर खाणारा पोर एकच होता. हाताला लागलेला गूळ त्याने माझ्याच ओढणीला पुसला होता. तरी वाटत होतं, नसेल, आपला प्रण्या एवढा हलकट नसेल. तू विचारलंस, असली चूक वाचणाऱ्याला काय कळतेय. कळतं. ज्याचं तू चोरतोस त्याला कळतं.

शेजारच्या म्हातारीचं नाव घेतलंस. माझ्या आईचे पानगे घेतलेस. आई जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या हाताची चव तू कंपनीच्या साहेबांना वाढलीस. आणि या दोघींच्या तोंडून त्यांच्याच गावचं पाणी विकायला काढलंस. इतकी मोठी पदवी घेऊन हेच करायचं होतं, तर पाकीटमारी काय वाईट होती? तिथे निदान दुसऱ्याचा खिसा असतो.

एकच सांगते. त्याच ब्लॉगवर लिही की ही बाईजा खोटी आहे. आणि खाली तुझं नाव घाल.

भावना


शहापूर
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू मला फसवलंस. सख्ख्या आतेभावाशी असा डाव खेळलीस, आणि वर मलाच खोटा म्हणतेस?

मी काही जगावेगळं करत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा विपुल एकटा चार गृहिणी आणि एक निवृत्त कर्नल आहे. पलीकडची माधुरी दोन शेतकरी चालवते, तिने शेत फक्त हायवेवरून बघितलंय. हे सगळ्यांना माहीत असतं. वाचणाऱ्यांनाही आतून माहीत असतं, त्यांना हवंच असतं ते. तुमच्या गावाचं म्हणणं इतकी वर्षं कोण ऐकत होतं? मी निदान गावाला आवाज दिला.

आणि नाव घाल म्हणतेस ते सोपं नाही. या धंद्यात एकदा नाव गेलं की कोणी दारात उभं करत नाही. झरा आटेल असं तरी कशावरून? कंपनीने तज्ज्ञांना विचारूनच बोअर घेतल्यात.

रागावू नकोस. मामीचे पानगे मी मनापासून लिहिले होते.

प्रणित


जांभूळमाळ
२० मार्च २०२५

प्रणित,

तुझं पत्र दीड महिना टपालाच्या खणात ठेवलं होतं. आज उत्तर देते, कारण आता गरज माझी आहे.

शहापूरच्या कॉलेजातल्या रुचिता नावाच्या मुलीने तुझी आजी पकडली, हे तुला ठाऊक असणारच. तीच नथवाली म्हातारी केसांच्या तेलाच्या ब्लॉगवर कमलाअम्मा आहे आणि विम्याच्या ब्लॉगवर कर्नलची विधवा. तुझ्या विपुलचा तो कर्नल हाच का रे? रुचिताने तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, महाराष्ट्रभर दोन दिवस खिदळणं झालं आणि तिसऱ्या दिवशी बाईजाआजीची चूल विझली. ब्लॉगच गायब. मला आनंद झाला. वाटलं, आजी खोटी ठरली म्हणजे आता गाव खरं ठरेल. मी पण काय अक्कल गहाण टाकली होती!

झऱ्याचं ऐक. बोअर चालू झाल्या आणि होळीपर्यंत धार करंगळीएवढी झाली. आता तीही नाही. दगड ओले आहेत एवढंच. बाया हंड्यांची रांग लावून वाटीने पाणी भरतात. पोरांनी आपल्या बाईजाला तिथे उभं केलं आणि व्हिडिओ काढला. ती तिच्या पद्धतीने बोलली, शिव्यांसकट. खाली लोकांनी काय लिहावं? "नवी आजी आणली वाटतं." "ही आधीच्या आजीपेक्षा अभिनय बरा करते." "पुढच्या भागात कमलाअम्मा येणार का?" कल्याणच्या एका वार्ताहराला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावच्या आज्या आम्ही एकदा छापल्यात, अजून तोंड भाजतंय."

आणि सगळ्यात जास्त काय लिहिलं होतं सांगू? "बेडकाला कुंकू लावणारं गाव ना हे?" तो बेडूक माझा. तुला तोंडघशी पाडायला मी सोडला, आणि तो आमच्याच पाण्यात येऊन बसला. तू खोटं बोललास नोकरीसाठी, मी बोलले सूड म्हणून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच. राग तुझा येतो त्याहून मला माझा येतो.

एक मे रोजी ग्रामसभा आहे. मोठे सरकारी साहेब येणार आहेत, बोअर बंद करायच्या की नाही ते त्यांच्या अहवालावर ठरणार. बेडूक माझा हे मी भर सभेत सांगणार आहे. ती बाईजा तुझी हे तू येऊन सांग. तुझ्याशिवाय आता गावावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हे लिहिताना मला किती लाज वाटतेय ते तुला कळायचं नाही.

भावना


शहापूर
७ एप्रिल २०२५

ती. ताई,

मला काढून टाकलं. आमच्या कंपनीने निवेदन दिलं की "एका कनिष्ठ सहकाऱ्याने परस्पर केलेला प्रकार". चार दिवसांपूर्वीपर्यंत मी सीनियर होतो. आता दोन ठिकाणी नोकरीची बोलणी चालू आहेत, अशा वेळी तिथे येऊन नाव सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

पण मी मदत करणार नाही असं नाही. सोबत एक निवेदन टाइप करून पाठवलंय, ते सभेत वाचून दाखवा. आणि माझ्याकडे जुनी तीनशे खाती आहेत, वेगवेगळ्या नावांची. सगळी तुमच्या बाजूने लावतो. आठवड्यात वातावरण फिरवून दाखवतो बघ. आपल्या बाईजाआजीचा व्हिडिओ मी हिट करून देतो.

तुझा,
प्रणित


जांभूळमाळ
१४ एप्रिल २०२५

प्रणित,

तुझं निवेदन परत पाठवत आहे. "सदर ब्लॉगमधील मजकुरामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास संबंधितांना खेद आहे." हा संबंधित कोण रे? कुठे राहतो? त्याला सभेचं आमंत्रण धाडावं म्हटलं तर पत्ता नाही, पिनकोड नाही. आणि तीनशे खाती! तहानेने मरणाऱ्या गावाला तू तीनशे भुतं पाठवतोस. एक माणूस मागितला होता.

तुझं पत्र मी बाईजाला वाचून दाखवलं. तिने मला खाली बसवलं आणि म्हणाली, लिव. ती बोलली तसंच लिहिते, एक अक्षर माझं नाही.

"पोरा, तू माझ्या नावानं लय बोललास. आता माझा आयक. मी झऱ्यावर उभी ऱ्हायली तर लोकं म्हनतात, ही भाड्याची हाय. साहेबाला आधार कार्ड दावला, तर तो कार्डाकडं बगतो नि माझ्याकडं बगतो. बोलला, आजी, खरी बाईजा तुमीच कशावरनं? मी धाऊची बायको, चार पोरांची आय, या गावात माझं क्यास पिकलं, नि मी बाईजा हाय का नाय ता मला इचारतो. मला रडू आला रे. मानूस मेल्यावर नाव जाता, माझा जित्तेपनी गेला.

"तुझी ती नथवाली मेली ना? मोबाइलातनं गेली म्हंजे मेलीच. मंग तिचं दिवस कोन करनार? आमच्यात मानूस मेला नि दहावा नाय केला, तर तो घराभोवती फिरत ऱ्हातो. ती माझ्याभोवती फिरतेय. मी तोंड उघडला का लोकांना तीच बोलतेय असा वाटतो. तिला जल्म तू दिलास, तिचा लेक तूच. सभेच्या दिशी झऱ्यावर येऊन बस. सगळ्या गावाम्होरं नि साहेबाम्होरं तिचा दहावा घाल. ती कोन व्हती, कुनी पैदा केली, कशापायी केली, ता मोठ्यानं सांग नि मोकळी कर तिला. मंग मी बोलंन. दहाव्याला पानी लागता, ता टँकरचा घेऊ. झऱ्यात नाय."

गाव यावर हसेल असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. जाणत्यांनी बसायची जागासुद्धा ठरवली.

भावना


शहापूर
२२ एप्रिल २०२५

ती. भावनाताईस सा. न.

बाईजाआजीचं बोलणं वाचलं. ब्लॉगवर मी तिच्या तोंडी इतकं काय काय घातलं, पण ती अशी बोलते हे मी विसरूनच गेलो होतो. तिला रडू आलं हे तू लिहायला नको होतंस. की बरं झालं लिहिलंस, मला कळत नाही.

परवा एका कंपनीत मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, तो आजीचा ब्लॉग तुमचा का? कौतुकाने विचारलं ताई. हो म्हटलं असतं तर तिथेच नोकरी दिली असती, पुन्हा अशाच आज्या काढायला. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि परत गेलो नाही.

एक तारखेला येतो. झऱ्यावर बसेन, माझं नाव सांगेन, कंपनीचं सांगेन, साहेबांना लेखी देईन. कोणी मोबाईल धरला तर धरू दे. मग या धंद्यात कोणी नाही घेतलं तर शेणव्याला बाबांच्या हाताखाली भात लावेन. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

भीती एकाच गोष्टीची वाटते. मी खरं बोललो आणि लोकांनी मलाही भाड्याचा म्हटलं तर? दहाव्याला बसणाऱ्याने डोकं करायचं असतं ना? इथूनच करून येऊ का? तेवढं केलं तर पटेल त्यांना?

तुझा,
प्रणित


जांभूळमाळ
२६ एप्रिल २०२५

चि. प्रणितला आशीर्वाद.

म्हणतील. काही जण नक्की म्हणतील की, गावाने हा भाचा भाड्याने आणला. खोटं पसरवायला तुम्हाला वर्ष पुरलं, ते निस्तरायला किती लागतील मला माहीत नाही. झरा परत वाहील का, तेही माहीत नाही. पण साहेबांच्या अहवालात एका खऱ्या माणसाची सही लागेल, आणि ती फक्त तुझ्याकडे आहे.

आदल्या दिवशीच ये. मुरबाडहून दुपारची एसटी आहे, ती चुकली तर जीप मिळते. तुझ्या बाबांना मी काही कळवलेलं नाही, ते तूच सांग आणि जमलं तर सोबत घेऊन ये. बाईजाने आत्ताच विचारलं, अजून दुधात कुस्करलेली भाकरी खातो का. मी म्हटलं, विचारून सांगते.

डोकं मात्र करू नकोस. केस काढून आलास तर इथली माणसं तुला ओळखायची नाहीत, आणि म्हणतील की हा दुसराच कोणी बसवलाय. लहानपणापासून ज्याला ती बघत आलीत, ते तोंड घेऊन ये.

तुझी,
भावनाताई